साठीनंतरचे फॅटी लिव्हर : रक्ताचा कागद घरी कसा वाचावा

सोनोग्राफी काढलेली असते प्रोस्टेटसाठी किंवा मूतखड्यासाठी, आणि कागदाच्या तळाशी ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ अशी एक ओळ येते. मग घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. ‘आजकाल सगळ्यांनाच असते’ म्हणत कागद फडताळात जातो, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून आजोबांच्या ताटातले शीत (भात), नारळ आणि मासळी एकदम बंद होते. पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. यकृतात चरबी आहे एवढ्यावरून धोका ठरत नाही. त्या चरबीमुळे यकृतात चट्टे पडून ते कडक होऊ लागले आहे का, हे पाहावे लागते. आणि त्याचा पहिला अंदाज सोनोग्राफीपेक्षा रक्ताच्या साध्या चाचण्यांतून चांगला येतो. त्या चाचण्या बहुतेक घरांत आधीच झालेल्या असतात, फक्त कोणी त्या एकत्र ठेवून वाचलेल्या नसतात.

अडचण एवढीच की म्हातारपणी या आकड्यांचा अर्थ बदलतो. चाळिशीतल्या मुलाचा कागद ज्या मापाने वाचायचा, त्याच मापाने त्याच्या आईचा वाचला तर कधी विनाकारण घबराट होते, तर कधी खरा आजार नजरेतून सुटतो.

आधी नाव आणि व्याख्या

यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. जुन्या कागदांवर ‘एनएएफएलडी’ असे लिहिलेले सापडेल. २०२३ मध्ये नाव बदलले, आता ‘एमएएसएलडी’ लिहितात. नव्या नावामागचा विचार उपयोगी आहे. यकृतात चरबी आहे आणि त्याच्या जोडीला पुढच्या पाचपैकी निदान एक गोष्ट आहे, तर हा आजार चयापचयाच्या बिघाडातून आला असे धरतात : पोटाचा घेर किंवा वजन जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.७ वा त्याहून जास्त, रक्तदाब १३०/८५ वा त्याहून जास्त, ट्रायग्लिसराइड १५० वा त्याहून जास्त, आणि एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० किंवा त्याखाली, स्त्रियांत ५० किंवा त्याखाली. या गोष्टींसाठी गोळ्या चालू असतील तरी ती गोष्ट ‘आहे’ असेच मोजायचे. ‘गोळीने प्रेशर नॉर्मल आहे’ म्हणून ते सोडून द्यायचे नाही.

साठीनंतर वजनापेक्षा पोटाचा घेर जास्त खरे सांगतो. मणके दबून उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी झालेली असते, त्यामुळे बीएमआय फसवा येतो. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेले अशा माणसाचे वजन ‘नॉर्मल’ दिसते, पण यकृत चरबीने भरलेले असू शकते. शिंपी घेतो तसे पँटच्या पट्ट्यावर माप घेऊ नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडल्यावर टेप लावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेले की जास्त. पोटात पाणी झालेले असेल तर मात्र या मापाला काही अर्थ उरत नाही.

पायरी १ : रक्त कधी आणि कसे द्यावे

इथेच सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून थोडे सविस्तर.

आदल्या रात्री नेहमीचे जेवण, शक्यतो आठच्या आत. त्यानंतर १० ते १२ तास फक्त पाणी. पाणी भरपूर प्यावे, नाहीतर म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, सुई दोन-तीनदा घालावी लागते आणि रक्ताच्या पेशी नळीत फुटतात. फुटलेल्या पेशींतून एसजीओटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एक विकर, एन्झाइम) बाहेर येते आणि आकडा खोटा वाढतो. कागदावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर त्या एसजीओटीवर भरवसा ठेवू नका, पुन्हा रक्त द्या.

रक्तदाबाची सकाळची गोळी पाण्याबरोबर घ्यायला सहसा हरकत नसते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नये, ते नाश्त्याबरोबर घ्यायचे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या सत्तरीच्या माणसाला सकाळी अकरापर्यंत उपाशी ठेवून रांगेत उभे करणे धोक्याचे आहे. साखर खाली जाऊन तो तिथेच चक्कर येऊन पडू शकतो. लॅब उघडताच पहिल्या पाच-दहा जणांत नंबर लावा आणि पिशवीत केळे किंवा बिस्किटे ठेवा.

दोन दिवस आधीपासून अंगमेहनत कमी. एसजीओटी फक्त यकृतात नसते, स्नायूंतही असते. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) दिवसभर पाटाचे पाणी वळवून, खड्डे खणून दुसऱ्या सकाळी रक्त दिले तर आकडा वर येऊ शकतो. पडून मुका मार लागला असेल किंवा दंडात-कमरेत इंजेक्शन घेतले असेल तरीही. शंका असल्यास सीपीके ही स्नायूंच्या इजेची चाचणी सोबत करा. ती वाढलेली असेल तर एसजीओटीचा उगम स्नायूंत आहे असे समजावे.

दारू निदान तीन दिवस नको, आणि ‘नको’ म्हणजे हुर्राक (काजूची हलकी दारू) सुद्धा नको. आदल्या संध्याकाळच्या दारूने ट्रायग्लिसराइडचा आकडा पार बदलतो.

पावसाळ्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ताप येऊन गेल्यावर चार ते सहा आठवडे हा हिशोब करू नका. गोव्यात जून ते ऑक्टोबर डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसचे दिवस. डेंग्यूत प्लेटलेट खाली जातात आणि एसजीओटी वर जाते. पुढे जे सूत्र दिले आहे त्यात नेमके हेच दोन आकडे आहेत. निरोगी यकृताचा माणूसही त्या आठवड्यात सूत्रावर ‘गंभीर’ दिसतो.

पायरी २ : काय काय मागायचे

सीबीसी, म्हणजे प्लेटलेटचा आकडा असलेली रक्तगणना. एलएफटी, म्हणजे यकृताच्या चाचण्या, त्यात एसजीओटी, तसेच दुसरे विकर एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन असतेच, जीजीटी (आणखी एक विकर) वेगळी सांगावी लागते. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, टीएसएच. आयुष्यात एकदा हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या, कारण चरबीच्या नावाखाली हे दोन विषाणू वर्षानुवर्षे लपून राहतात. थायरॉइड मंद असेल तरी ट्रायग्लिसराइड वाढते आणि यकृतात चरबी साठते, म्हणून टीएसएच.

यातल्या बहुतेक चाचण्या एकाच वेळी काढलेल्या रक्तात व्हायला हव्यात. मार्चमधली प्लेटलेट आणि ऑगस्टमधली एसजीओटी एकत्र करून सूत्रात घालू नका.

युरिक ॲसिड, फेरिटिन, सीआरपी हे आकडे फॅटी लिव्हरमध्ये अनेकदा वाढलेले दिसतात, पण त्यांच्यावरून निदान होत नाही. फेरिटिन वाढलेले पाहून घाबरायचे कारण नाही, मात्र स्वतःच्या मनाने चालू केलेले लोहाचे टॉनिक तेवढे बंद करा. ट्रायग्लिसराइड आणि साखर यांच्या गुणाकारातून निघणारा ‘टीवायजी’ निर्देशांक काही पॅकेजमध्ये छापून येतो. त्याची धोक्याची रेषा वेगवेगळ्या लोकसमूहांत वेगवेगळी निघते, म्हणून घरच्या हिशोबात त्याला जागा देऊ नये असे आमचे मत आहे. घेर, बीएमआय, ट्रायग्लिसराइड आणि जीजीटी मिळून निघणारा फॅटी लिव्हर इंडेक्स मात्र कामाचा आहे. ३० च्या खाली असेल तर चरबीची शक्यता कमी, ६० किंवा वर असेल तर बरीच. पण सोनोग्राफीत चरबी आधीच दिसली असेल तर त्यातून नवे काही कळत नाही.

पायरी ३ : एसजीपीटी नॉर्मल आली, म्हणून काय?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. लॅबचा कागद ४०, ४५, कधी ५० च्या वरपर्यंत एसजीपीटी ‘नॉर्मल’ छापतो. निरोगी यकृताची खरी मर्यादा पुरुषांत साधारण २९ ते ३३ आणि स्त्रियांत १९ ते २५ धरतात. म्हणजे ३८ आकडा आलेल्या बाईच्या कागदावर ठळक अक्षर येत नाही, पण तो आकडा तिच्यासाठी जास्तच आहे.

आणि वय वाढते तशी एसजीपीटी आपोआप खाली येते. यकृताचा आकार लहान होतो, स्नायू झडतात, शरीरातले बी-६ जीवनसत्त्व कमी होते. त्यामुळे यकृत कडक होत असतानाही सत्तरीतली एसजीपीटी २२ किंवा २५ असू शकते. पाच वर्षांपूर्वी ६० होती, आता २५ आहे, म्हणून ‘लिव्हर बरे झाले’ असे लगेच समजू नका. त्याच पाच वर्षांत प्लेटलेट काय करत होत्या ते पाहा. २.६ लाखांवरून २.१ आणि मग १.६ लाख अशी उतरण असेल तर एसजीपीटी कितीही गोड दिसली तरी यकृताच्या डॉक्टरांना दाखवा. यकृत कडक झाले की रक्ताचा दाब प्लीहेकडे वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात. १.५ लाखांखालची प्लेटलेट म्हाताऱ्या माणसात ‘अशक्तपणाने आली’ म्हणून सोडून देऊ नये.

एसजीओटी ही एसजीपीटीपेक्षा जास्त असेल तर दोन शक्यता : चट्टे वाढत आहेत किंवा दारू. एसजीओटी दुप्पट किंवा जास्त, सोबत जीजीटी वाढलेली आणि सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर, असे तिन्ही असले तर दारूचा संशय बळावतो. मात्र एकट्या एमसीव्हीवरून कोणाला पिण्याबद्दल बोल लावू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते आणि त्यानेही एमसीव्ही वाढतो. बी-१२ तपासून घ्या.

एचबीएवनसीलाही म्हातारपणी जपून वाचावे लागते. लोहाच्या कमतरतेत तो थोडा जास्त दिसतो. यकृत खराब झाल्यावर, रक्तस्राव झाल्यावर किंवा रक्त चढवल्यावर कमी दिसतो. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर बोट टोचून काढलेल्या साखरेच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवा.

पायरी ४ : फिब-४ चा हिशोब

हा या लेखाचा गाभा : यकृतात चट्टे किती असावेत याचा अंदाज देणारे सूत्र. २००६ मध्ये हे सूत्र वेगळ्याच रुग्णांसाठी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्यांसाठी, मांडले गेले. नंतर फॅटी लिव्हरमध्येही ते उपयोगी ठरले. लागते काय, तर वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर वर्गमुळाचे चिन्ह दिसते.

वय गुणिले एसजीओटी, ही वरची संख्या. एसजीपीटीचे वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटने गुणायचे, ही खालची संख्या. वरच्या संख्येला खालच्या संख्येने भागायचे.

प्लेटलेट हजारांत लिहायच्या. इथे लोक हमखास चुकतात. कागदावर २.२० लाख असेल तर २२० घालायचे. २.२ घातले तर उत्तर शंभरपट येते.

उदाहरणादाखल ६८ वर्षांच्या आजींचा कागद धरा. एसजीओटी ३४, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २.२० लाख. ६८ गुणिले ३४ म्हणजे २३१२. ३६ चे वर्गमूळ ६, गुणिले २२० म्हणजे १३२०. २३१२ भागिले १३२०, उत्तर १.७५.

आता हा १.७५ कुठल्या रेषेशी ताडायचा? नेहमीची रेषा १.३ आहे. त्याखाली धोका कमी, २.६७ च्या वर जास्त, मधले सगळे संदिग्ध. त्या मापाने आजी संदिग्ध ठरतात. पण सूत्रात वय थेट गुणलेले आहे. हेच रक्त ४५ वर्षांच्या माणसाचे असते तर उत्तर १.१६ आले असते. यकृत तेच, फक्त जन्मतारीख वेगळी. २०१७ च्या एका युरोपीय अभ्यासात ६५ वर्षांवरच्या लोकांना १.३ ची रेषा लावून पाहिली, तेव्हा ज्यांचे यकृत फारसे कडक नव्हते अशा १०० पैकी ३५ जणांनाच ते सूत्र बरोबर वगळू शकले. बाकीचे विनाकारण पुढच्या तपासण्यांत ओढले गेले असते. खालची रेषा २.० केल्यावर हाच आकडा ७० झाला. म्हणून ६५ च्या पुढे खालची रेषा २.० धरायची. आजी १.७५, म्हणजे धोका कमी. सहा महिने काळजी करत बसण्याचे कारण नाही.

वरची रेषा सगळ्यांना २.६७ च राहते. समजा ७२ वर्षांच्या आजोबांची एसजीओटी ५८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १.४० लाख आहे. ४१७६ भागिले ९८०, उत्तर ४.२६. इथे वयाची सवलत देऊन भागत नाही. चिठ्ठी घेऊन यकृताच्या डॉक्टरांकडे जायचे.

आता वर सांगितलेली डेंग्यूची गोष्ट आकड्यांत पाहा. त्याच ६८ वर्षांच्या आजी, तापाचा सहावा दिवस : एसजीओटी १२०, एसजीपीटी ८१, प्लेटलेट ७० हजार. उत्तर जवळपास १३ येते. यकृतात चट्टा एकही नसेल, तरीही.

प्लेटलेटबाबत आणखी एक फसगत. काही जणांच्या रक्तात सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटचे गुच्छ होतात आणि यंत्र त्यांना कमी मोजते. कागदाच्या तळाशी ‘प्लेटलेट क्लम्प्स’ असा शेरा असेल, किंवा आधी कधीच कमी नसलेल्या प्लेटलेट अचानक ९० हजार दिसल्या, तर काचपट्टीवर मोजायला सांगा किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त द्या.

पायरी ५ : सोनोग्राफीचा ग्रेड आणि फायब्रोस्कॅन

सोनोग्राफीतला ग्रेड १, २, ३ हा चरबी किती आहे त्याचा डोळ्यांनी केलेला अंदाज. तो चट्ट्यांबद्दल काहीच सांगत नाही. ग्रेड ३ असूनही यकृत मऊ असू शकते, आणि ग्रेड १ असूनही कडक. चट्टे फार वाढले की चरबी उलट कमी होते, त्यामुळे ‘ग्रेड २ चा ग्रेड १ झाला’ हा आनंद फिब-४ पाहिल्याशिवाय करू नये. साधारण २० ते ३० टक्क्यांपेक्षा कमी चरबी साध्या सोनोग्राफीत दिसतही नाही.

फिब-४ दोन ते २.६७ च्या मध्ये आला तर पुढची पायरी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. यात दुखत काही नाही. उजवा हात डोक्याखाली घेऊन उताणे झोपायचे, बरगड्यांमध्ये एक कांडी टेकवतात, टिचकीसारखा धक्का बसतो. निदान तीन तास उपाशी असावे, जेवल्यावर यकृताकडे रक्त वाढून आकडा खोटा चढतो. दहा चांगली मापे घेतात, त्यांतला फरक ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर निकाल कच्चा समजावा. कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर दिलासा, ८ ते १२ मध्ये लक्ष ठेवायचे, १२ च्या वर तज्ज्ञांकडे. हृदय कमजोर असून पायांवर सूज असलेल्या माणसात यकृत रक्ताने तुंबते आणि आकडा वाढतो, म्हणून आधी सूज उतरवून मग स्कॅन करावा. नुकतीच दारू प्यालेली असेल तरी तसेच.

घराजवळच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. फॅटी लिव्हर २०२१ पासून केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. फिब-४ चा हिशोब कागदावर मांडून दाखवला तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, तिथून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवण्याचे कारण डॉक्टरांना एका नजरेत कळते. सोबत जुने सगळे कागद न्या, निदान पाच वर्षांच्या प्लेटलेटचे तरी.

पायरी ६ : दारूचा खरा हिशोब

‘थोडी घेतात’ हे उत्तर डॉक्टरांना काहीच सांगत नाही. ग्रॅममध्ये सांगा. मिलिलिटरला दारूच्या टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा, मग ०.७९ ने गुणा. काजू फेणीत अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असते, म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगात २० ग्रॅम. हुर्राक साधारण १५ टक्क्यांची धरली तर १८० मिलिलिटरच्या पेल्यात २१ ग्रॅम. ‘हुर्राक हलकी असते’ म्हणत पेला भरून घेतला की हिशोब फेणीच्या पेगाएवढाच होतो. ६५० मिलिलिटर बिअरची बाटली ५ टक्क्यांची असेल तर २६ ग्रॅम, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१. घरी ओतलेला पेग क्वचितच ६० चा असतो. एकदा तोच पेला औषधाच्या मापाने मोजून पाहा.

आठवड्याला पुरुषांत २१० आणि स्त्रियांत १४० ग्रॅमच्या वर गेले की आजार नुसता चरबीचा राहत नाही, दारूचाही धरला जातो. फिब-४ वाढलेला असेल किंवा फायब्रोस्कॅन ८ च्या वर असेल तर कुठलीच मात्रा सुरक्षित नाही, पूर्ण बंद. रोज पिणाऱ्याने मात्र एका रात्रीत घरच्या घरी बंद करू नये. म्हाताऱ्यांत दारू अचानक तुटल्याने हात थरथरणे, भ्रम, झटके येऊ शकतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. सहा आठवडे पूर्ण बंद ठेवून जीजीटी पुन्हा काढा. १४० ची ६० झाली तर ती वाढली कशाने होती ते कळले. फेणीत घातलेले गोड लिंबू-सोड्याचे शीतपेयही मोजा. ३०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर जाते.

पायरी ७ : ताट आणि स्नायू

पन्नाशीतल्या माणसाला ‘१० टक्के वजन उतरवा’ म्हणणे बरोबर आहे. पंचाहत्तरीतल्या माणसाला तेच सांगितले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि तो आठ महिन्यांनी न्हाणीघरात पडून खुबा मोडतो. स्नायू हे साखर शोषणारे सर्वांत मोठे ठिकाण आहे. ते गेले की यकृतातली चरबी उलट वाढते. म्हणून साठीनंतर वजन महिन्याला एक किलोपेक्षा जास्त उतरू नये. एकूण ५ टक्के, म्हणजे ७० किलोच्या माणसाने सहा महिन्यांत साडेतीन किलो, एवढ्याने चरबी चांगली कमी होते. ८० च्या पुढे, फिब-४ दोनच्या खाली आणि माणूस बारीक असेल, तर वजनाला हात लावू नका. ताकद वाढवा.

ताकद तपासायला हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचे-बसायचे. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर स्नायू कमी पडत आहेत. हीच चाचणी रोजचा व्यायामही होते : सकाळी दहा, संध्याकाळी दहा. आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम, पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या पुरतात.

प्रथिने किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. गोव्यात हे अवघड नाही. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम, एका अंड्यात ६, वाटीभर चवळी-मुगाच्या तोणकात (उसळीत) ७, पेलाभर दुधात ६. अडचण येते श्रावणात आणि चवथीच्या आसपास, मासळी बंद होते आणि ताटात शीत, खतखते आणि नेवऱ्या उरतात. त्या महिन्यात मूग, चवळी, ताक, पनीर मुद्दाम वाढवा.

मासळी बंद करू नका, तळणे बंद करा. रव्यात घोळून तळलेल्या तुकड्याऐवजी हुमण (मासळीची आमटी) किंवा तव्यावर चमचाभर तेलात. सुकी खारी मासळी आणि मिठाच्या कैऱ्या रक्तदाबामुळे आवरत्या घ्या. नारळाचा रस पूर्ण वगळण्याचे कारण नाही, पण सकाळी खोबऱ्याची चटणी, दुपारी कडी, रात्री पुन्हा हुमण असे तिन्ही वेळा नको. उकड्या तांदळाची पेज चांगली, पण तिच्यासोबत मूग किंवा अंडे हवे, लोणच्यावर भागवू नये. पोयीच्या (गोव्याच्या कोंड्याच्या पावाच्या) बाहेर चिकटलेला कोंडा पाहून आतही सगळा अख्खा गहूच आहे असे समजू नका, पदेराला (पाववाल्याला) विचारा. आणि चहा : दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. म्हाताऱ्यांच्या ताटातून काही एकच गोष्ट काढायची असेल तर आम्ही ही काढू. बिनसाखरेची कॉफी यकृताला बरी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, झोप आणि छातीत धडधड सांभाळून दोन-तीन कप चालतात.

पायरी ८ : औषधांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णे एका पिशवीत घालून न्या. स्टिरॉइड, अमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, व्हॅल्प्रोएट ही औषधे यकृतात चरबी किंवा इजा वाढवू शकतात, पण मनाने बंद करायची नाहीत. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे भारतातल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवली आहेत. ‘लिव्हर साफ करणारी’ मिश्रणे तर घरात ठेवूच नका.

स्टॅटिनची गोळी एसजीपीटी थोडी वाढली म्हणून थांबवू नका. मर्यादेच्या तिपटीपेक्षा वर गेली तरच डॉक्टर विचार करतात. फॅटी लिव्हर असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात, यकृताने नव्हे. ती गोळी थांबवणे हे यकृत वाचवायला हृदय सोडून देण्यासारखे आहे. गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र यकृत कडक झालेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला घातक ठरतात.

पुन्हा कधी, आणि थांबायचे नाही कधी

फिब-४ दोनच्या खाली आणि मधुमेह असेल तर दर एक-दोन वर्षांनी हिशोब पुन्हा, मधुमेह नसेल तर दोन-तीन वर्षांनी. दोन ते २.६७ आणि फायब्रोस्कॅन ८ च्या खाली असेल तर वर्षाने. यकृत पक्के कडक झाल्याचे निदान असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, गाठ लवकर सापडावी म्हणून. एका वहीत तारीख, वजन, घेर, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, अल्ब्युमिन, फिब-४ असे रकाने आखा आणि शेजारी ‘ताप होता का, दारू होती का, नवे औषध होते का’ हेही लिहा. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली किंवा बिलिरुबिन वाढते असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

डोळे पिवळे होणे, पोट फुगून बेंबी बाहेर येणे, दोन्ही पायांवर सूज, डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हस्ताक्षर एकाएकी बिघडणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच इस्पितळात न्या. रक्ताची उलटी, काळे शौच किंवा शुद्धीत फरक असेल तर १०८ ला फोन करा. अशा माणसाला गोंधळ शांत व्हावा म्हणून झोपेची गोळी देऊ नका, आणि शेवटचे शौच कधी झाले ते डॉक्टरांना सांगा. यकृत कडक झालेल्या माणसाला दोन दिवस बद्धकोष्ठ झाले तरी मेंदूवर परिणाम होऊ शकतो.